गादीवर कोणी नाही

मानवी झोपेचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात मंचर गावाला एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. हे मत चंपाशेठचं आहे. मला विचाराल तर एक तळटीप पुरे; पण गेली बावीस वर्षं मी त्यांच्या दुकानासमोरच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसतो, आणि रोज समोर दिसणाऱ्या माणसाचं मत खोडून काढण्यात फार शहाणपण नसतं.

चंपाशेठ म्हणजे चंपालाल. मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, आजोबांनी दुकान टाकलं, वडिलांनी वाढवलं आणि चंपाशेठनी त्याची प्रयोगशाळा केली. सारी बाजारपेठ एकमेकांना रामराम घालते, जय जिनेंद्र म्हणते, निदान मान तरी हलवते. चंपाशेठ विचारतात, "झोप झाली का?"

सकाळी विचारलं तर समजू शकतं. ते संध्याकाळी सहालाही विचारतात. एसटीच्या कंडक्टरला विचारतात, बँकेत नव्याने बदलून आलेल्या साहेबांना विचारतात. एकदा एका अंत्ययात्रेत त्यांनी मयताच्या जावयाला विचारलं. जावई तीन रात्रींचा जागा होता. तो रस्त्यातच उभा राहिला आणि रडायला लागला. त्या घरातलं तोवरचं ते पहिलं रडणं होतं, असं लोक सांगतात.

एरवी लोक नुसतं "हो" म्हणतात. चंपाशेठ ते ऐकत नाहीत, मोजतात.

"झोपलेल्या मानसाचं 'हो' आखूड असतं, वाचनालय," ते मला म्हणाले होते. (ते माणसाला त्याच्या खात्याच्या नावाने हाक मारतात. मी वाचनालय. पोस्टमन म्हणजे पोस्ट.) "न झोपलेल्याचं लांबतं. होऽऽ. तुमचं आज लांबलं."

लांबलं होतं खरं. आदल्या रात्री दोनपर्यंत मी एक कादंबरी वाचत होतो, आणि ती चांगलीही नव्हती.

त्यांच्या दुकानात गिऱ्हाईकाने आधी आडवं व्हायचं आणि भाव नंतर विचारायचा. दहा मिनिटं, घड्याळ लावून. "चपला काढा आन् पडा निवांत." भर बाजारपेठेत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत आडवं व्हायला माणसं लाजतात, म्हणून चंपाशेठ स्वतः दारात पाठ करून उभे राहतात आणि रस्त्यावरच्यांनाही पाठ करायला लावतात. मुलीच्या लग्नाची गादी न्यायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं, "मुलगी उताणी झोपती का कुशीवर?"

गृहस्थ भडकले. "शेठ, तुमाला काय करायच्यात नसत्या चौकशा?"

"मला काय बी करायचं न्हाई," चंपाशेठ शांतपणे म्हणाले. "कापसाला सांगायचंय, कुठं दाटून बसायचं ते."

शेवटी तिथूनच मुलीच्या आईला फोन लावण्यात आला. डाव्या कुशीवर.

दुकानाचा एक नियम आहे. त्या दहा मिनिटांत कोणाला झोप लागली, तर त्याला उठवायचं नाही. एक पुढारी स्वतःच्या सत्काराला निघाले होते, वाटेत गादी बघायला टेकले आणि घोरायला लागले. बाहेर बँड उभा. कार्यकर्ते आत शिरले. "शेठ, उठवा ना राव, तिकडं स्टेज वाट बघतंय."

"स्टेजला म्हनावं, तू बी बस जरा."

पुढारी पावणेदोन तासांनी उठले. तोवर मांडव उठला होता. सत्कार राहून गेल्याने गावाचं काही नुकसान झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा नियम, रविवारी दुकान बंद राहत नाही. रविवार म्हणजे आठवडे बाजार. चंपाशेठनी स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही डॉक्टरांशी हुज्जत घालून सोमवारी करवून घेतलं. आणि एक नियम आहे तो कोणाला सांगितलेला नाही: इतक्या गाद्यांचा हा मालक, पाच वर्षांपूर्वी बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून, घरी सतरंजीवर झोपतो. का, ते कोणी विचारलेलं नाही.

आता खुशबूबद्दल सांगायला हवं, कारण मंचरच्या झोपेची कीर्ती पुण्यापर्यंत गेली ती तिच्यामुळे.

खुशबू चंपाशेठच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय एकाच अपघातात गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. चंपाशेठ आणि काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे ती कोणाकडे जाणार हा प्रश्न आलाच नाही. प्रश्न दुसरा आला. पोरगी झोपेना. रडायची नाही, हट्ट करायची नाही, नुसती डोळे उघडे ठेवून पडून राहायची. दुकानातली उत्तमातली उत्तम गादी घरी गेली. काही उपयोग झाला नाही.

त्या वेळी दुकानाच्या मागच्या पडवीत गफूरभाई कापूस पिंजायचे. ज्यांनी पिंजण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुरुषभर लांबीचं लाकडी धनुष्य, त्याला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातेवर लाकडी ठोकळ्याने मारायचं. टुंग, टुंग, टक. टुंग, टुंग, टक. कापूस मोकळा होऊन हवेत उडत राहतो आणि पिंजणारा माणूस भुवयांपर्यंत पांढरा होतो. एका दुपारी त्या आवाजाच्या दिशेने खुशबू गाद्यांच्या थप्पीवर चढली आणि तिथेच झोपली. साडेचार तास. पुढची चार-पाच वर्षं ती तशीच झोपत आली. चंपाशेठचं "झोप झाली का?" तिथून सुरू झालं आहे. आधी ते फक्त त्या थप्पीला विचारायचे.

स्वतः चंपाशेठनी मात्र त्या पिंजणाला कधी बोट लावलं नाही. तात जनावराच्या आतड्याची असते. चंपाशेठ पक्के जैन. सूर्य बुडायच्या आत जेवतात, आणि ज्या तालुक्यात बटाटा आणि कांदा सोडून दुसरा विषय निघत नाही, तिथे जन्म काढूनही त्यांनी दोन्हींची चव घेतलेली नाही. गफूरभाई रजेवर असले की पिंजण्याचं काम थांबायचं. पुढे मशीन आलं. गफूरभाई म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले तेव्हा पिंजण भिंतीवरच ठेवून गेले. "पोरीचं आहे शेठ, राहू द्या," म्हणाले. ते ज्या खिळ्यावर त्यांनी टांगलं, त्याच खिळ्यावर राहिलं. त्यावरची धूळसुद्धा चंपाशेठ लांबून कापड झटकून काढायचे.

खुशबू शिकली, पुण्यात कंपनीत लागली. तिच्या टीमला काम मिळालं ते झोप मोजणाऱ्या अ‍ॅपचं, कामात बुडालेल्या लोकांसाठी. फोन गादीवर उशीशेजारी ठेवायचा. माणूस किती हलतो, किती घोरतो, हे टिपून सकाळी तो तुम्हाला शंभरपैकी मार्क देतो. चंपाशेठनी ही बातमी बाजारपेठेत अशी सांगितली की जणू घराण्याचा धंदा चौथ्या पिढीत पोचला, फक्त कापसाच्या जागी मोबाईल आला.

रोज संध्याकाळी साडेपाचला, त्यांच्या जेवणाच्या आधी, खुशबूचा फोन यायचा. चंपाशेठ विचारायचे, "झोप झाली का?" ती म्हणायची, "हो." तो फोन ते दुकानात स्पीकरवर घ्यायचे, त्यामुळे मीही ऐकायचो. चैत्रात ते "हो" बोटभर होतं. श्रावणात वीतभर झालं. दिवाळीनंतर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने चंपाशेठना गुपचूप कळवलं की खुशबू ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, कपाळाला चार टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली. ती तीन-साडेतीन तासांवर झोपत नाही. अ‍ॅप वेळेत द्यायचं आहे.

"म्हंजे जग झोपावं म्हनून ही जागी," चंपाशेठ म्हणाले. त्यानंतर आलेल्या गिऱ्हाईकाला त्यांनी आडवं न करताच भाव सांगितला. त्यांच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

घरी ये, विश्रांती घे, असं सांगायचं तर मिटिंग असलेल्या मुलीला सांगणार कसं? टाक्यांचं कळलं हेही बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी वेगळाच प्रश्न टाकला.

"बेटा, तुमच्या मशीनची टेस्ट कुनावर घेता?"

"ऑफिसमधल्या वीस जणांवर, काका."

"ते बिझी हायेत?"

"खूप."

"ते बसलेले असत्यात, बेटा. बिझी मानूस बघायचा आसंल तर इकडं ये. दर रविवारी ये. मानसं मी देतो, गाद्या मी देतो."

खुशबू हसली. पण तिच्या साहेबांना कल्पना आवडली. ग्रामीण युजर, असं ते म्हणाले, आणि पुढच्या महिनाअखेरची रिपोर्टची तारीख देऊन टाकली.

माणसं निवडायला चंपाशेठनी मला शेजारी बसवलं. माझं काम कागद सांभाळण्याचं. त्यांनी बिझी माणसाची व्याख्या सांगितली, ती मी उतरवून घेतली आहे: "ज्याला झोप लागली तर दुसऱ्याचं अडतं, तो बिझी. बाकीचे नुसते जागे." या व्याख्येत तिघं बसले. महाळुंगे पडवळचे दत्तूभाऊ, ऊस आणि कांदा. निरगुडसरच्या लताबाई, पाच गाई, दोन पोरं, एक सासू. आणि पिंपळवंडीचा बाळू, जो पिकअपमधून टोमॅटो मुंबईला पोचवतो. मोजमाप एकसारखं हवं म्हणून तिघांना सारख्याच वजनाच्या, सारख्याच कापसाच्या तीन नव्या गाद्या दिल्या गेल्या. त्या परत करायच्या का, असं लताबाईंनी विचारलं. "टेस्ट संपल्यावर बघू," चंपाशेठ म्हणाले.

पहिल्या रविवारी खुशबू सकाळच्या एसटीने आली. केस कपाळावर ओढून घेतले होते. तिने दुकानातच लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावायला गेली, मग आठवून हात खाली घेतला. तिघांचाही आठवड्याचा निकाल एकच होता. सातही दिवस, तिघांच्याही नावापुढे: गादीवर कोणी नाही.

"लताबाई, फोन गादीवरच ठेवला होता ना?"

"मंग! उशाशीच व्हता. आन् मी बी व्हते की. दुसरीकडं कुठं जाऊ?"

भानगड अशी होती की अ‍ॅप पुण्यातल्या मऊ, उसळत्या गाद्यांवर तयार झालेलं होतं. तिथे माणसाने कूस बदलली की फोन नाचतो. चंपाशेठची दाबून भरलेली कापसाची गादी हलत नाही. फोनने सरळ अर्थ काढला की माणूसच नाही. खुशबू हिरमुसली. चंपाशेठ मात्र रस्त्यावर गेले आणि येईल त्याला सांगू लागले की आपल्या गादीवर माणूस हलत नाही, याचा दाखला पुण्याच्या कंपनीने लेखी दिला आहे.

तिने अ‍ॅप जास्त संवेदनशील केलं. कापसावरची बारीक हालचालही आता कळायला लागली. दुसऱ्या रविवारी लताबाई तणतणत आल्या. अ‍ॅपने त्यांना रोज रात्री "घोरणे: तीव्र" असं सांगून डॉक्टरांना भेटायचा सल्ला दिला होता. "सासूनं आख्ख्या आळीला सांगितलं, आमची सून घोरती म्हनून!" चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांच्या उशाशी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे गोठा. थोरली गाय रात्रभर रवंथ करते. खुशबूने लगेच अ‍ॅपमध्ये गाईच्या आवाजासाठी वेगळी सोय केली. लताबाईंनी सासूला फोन करून निर्दोष सुटल्याचं कळवलं.

दत्तूभाऊंचं प्रकरण जास्त गंभीर होतं. शेतीच्या मोटारीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात रात्री, त्या आठवड्यात माणूस रात्री उसात. अ‍ॅपला हे माहीत नव्हतं. फोन त्यांनी खिशात ठेवलेला.

"आर्धी रात. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं," दत्तूभाऊ सांगत होते. "बिबट्याच्या भीतीनं गानी म्हनत पानी धरतोय. आन् खिशातनं बाई बोलली."

"काय बोलली?"

"'तुमी अजून जागे आहात. आता डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या.' बिबट्या व्हता का न्हाई म्हाईत न्हाई राव, पर मी बांधावर येईपर्यंत श्वासच घेतला न्हाई."

सगळी पेठ हसली. खुशबूही हसली, पण तेवढ्याने काम होणार नव्हतं. चंपाशेठ म्हणाले, "बेटा, तुझं मशीन सुरुवातीला विचारतंय काय?"

"तुमची झोपायची वेळ कोणती?"

"चुकलं की मग. त्याला विचारायला लाव, 'या आठवड्यात लाईट दिवसा का रात्री?' पुढचं आपोआप कळंल."

खुशबूने ते टाइप केलं, वाचलं आणि काकांकडे असं पाहिलं जसं शाळेतून आल्यावर पाहायची. पुण्याच्या साहेबांना प्रश्नाचा अर्थ कळला नाही, पण फारच मूलगामी वाटला. या यशानंतर चंपाशेठनी स्वतःची कार्डं छापून घेतली. त्यावर नावाखाली "झोप सल्लागार" असं होतं. एक कार्ड त्यांनी मला दिलं. मी ते खूण म्हणून एका पुस्तकात घातलं.

मधल्या एका आठवड्यात अ‍ॅपने बाळूला कमी मार्क देऊन सल्ला दिला: "गादी बदलून पाहा." बाळू बहुतेक वेळा मार्केटच्या रांगेत, पिकअपच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपतो; चंपाशेठच्या गादीवर तो आठवड्यात दोनदाच पडला होता. तरी चंपाशेठ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. "झोप झाली का?" सुद्धा बंद. खुशबूला तो सल्ला अ‍ॅपमधून कायमचा काढावा लागला.

रविवारमागून रविवार गेले. खुशबू यायची, दिवसभर दुकानात बसून सगळ्यांची झोप मोजायची, काकांबरोबर उन्हं असताना जेवायची आणि संध्याकाळच्या एसटीत लॅपटॉप मांडीवर उघडून निघून जायची. एकदाही टेकली नाही. "जरा पड, बेटा," असं चंपाशेठ म्हणाले की ती म्हणायची, "एसटीत झोपीन, काका." डोळ्यांखाली काळं वाढत चाललेलं. अ‍ॅप सुधारत होतं आणि ते बनवणारी बिघडत होती. साडेपाचच्या फोनवरचं "हो" आता हातभर झालं होतं.

शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट द्यायचा होता. लग्नसराई तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. खुशबू कोपऱ्यात बसून टाइप करत होती. मी कागद सांभाळत तिच्यासमोर बसलो होतो. तिने एकच ओळ तीनदा लिहून तीनदा पुसली.

चंपाशेठ तिच्यापुढे उभे राहिले. "एक टेस्ट राहिली."

"सगळ्या झाल्या, काका."

"दुपारच्या झोपंची न्हाई झाली. मानूस न्हाई मिळाला. तू पड."

"काका, प्लीज. आज नको. मी खरंच बिझी आहे."

मला वाटलं, आता व्याख्या येणार. ती आलीही, पण चंपाशेठनी ती इतक्या हळू सांगितली की दुकानात फक्त आम्हा दोघांना ऐकू गेली असावी.

"न्हाई बेटा. तू झोपलीस तर कुनाचं काय बी अडत न्हाई. ते चार टाके पडले तवा बी कंपनी चाललीच की. पड. दहा मिनटं. गिऱ्हाइकाला देतो तेवढीच."

खुशबूचा हात कपाळाकडे गेला, आणि या वेळी तिथेच राहिला. मग तिने लॅपटॉप मिटला, चपला काढल्या आणि ती मागच्या गाद्यांच्या थप्पीवर चढली. चंपाशेठनी तिचाच फोन अ‍ॅप लावून तिच्या उशाशी ठेवला. मग पाठ करून दारात उभे राहिले. दहा मिनिटं झाली. मी डोकावलो तर ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

चंपाशेठनी वळून एकदा तिच्याकडे पाहिलं. मग दुकानातल्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं. "दुकान बंद हाय," म्हणाले. हे वाक्य त्यांनी रविवारी उच्चारलेलं पेठेतल्या कोणीच ऐकलं नव्हतं, त्यामुळे लोकांना आधी ते कळलंच नाही. मग ते स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं पिंजण काढलं. दोन्ही हातांनी. शटर अर्धं ओढलं आणि पिंजण घेऊन बाहेर पायरीवर बसले.

तात सैल पडली होती. पिंजायला कापूस नव्हता, आणि ते काम त्यांना येतही नव्हतं. पहिला ठोका चुकला. दुसरा बोटावर बसला. तिसऱ्याला आवाज निघाला. टुंग. मग बऱ्याच वेळाने टक.

लोक जमले. "शेठ, काय झालं वो?" चंपाशेठनी तोंडावर बोट ठेवलं आणि मागे मान केली. बाजाराला आलेल्या लताबाईंनी शटरखालून वाकून पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि पायरीच्या कडेला बसल्या. जो येईल त्याला हातानेच पुढे पाठवू लागल्या. घोडेगावहून गादी न्यायला आलेलं लग्नघर तिथेच खोळंबलं. वऱ्हाडातला एक जण म्हणाला, "आवो पर आमचा मुहूर्त..."

"मुहूर्ताला म्हनावं, तू बी बस जरा," लताबाई म्हणाल्या.

बाळूने वळणावर पिकअपचा हॉर्न दिला, तेव्हा दत्तूभाऊ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "पोरगी झोपलीया, बहिऱ्या! गाडी बंद कर!" बाळूने गाडी बंद केली. त्याच्या मागच्या दोघांनी काही न विचारता आपापल्या गाड्या बंद केल्या. भर आठवडे बाजारात आमच्या पेठेच्या त्या तुकड्यात टोमॅटोचे पिकअप, लग्नाचं वऱ्हाड आणि मी असे सगळे गप्प उभे होतो, आणि एक अडुसष्ट वर्षांचा माणूस रिकाम्या हवेत न दिसणारा कापूस पिंजत होता. तासाभराने त्याला जरा जमायलाही लागलं.

चंपाशेठच्या व्याख्येप्रमाणे पाहिलं, तर त्या दुपारी मंचरमध्ये खुशबूइतकं बिझी कोणीच नव्हतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पाच वाजता ती शटरखालून बाहेर आली. गालावर गादीच्या टाक्यांची नक्षी उठली होती. तिने आधी पिंजण पाहिलं, मग ते धरलेले हात पाहिले. तात कशाची असते हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. ती पायरीवर काकांच्या शेजारी बसली.

"झोप झाली का?" चंपाशेठनी विचारलं.

"हो."

चंपाशेठनी माझ्याकडे पाहिलं. मीही मोजलं होतं. नखाएवढं होतं.

मग ते मागे गेले आणि साबणाने हात धुतले. दोनदा. पिंजण पुन्हा भिंतीवर गेलं, पण खालच्या खिळ्यावर, स्टुलाशिवाय हात पोचेल असं.

रिपोर्ट सोमवारऐवजी बुधवारी गेला. साहेबांनी तो पुढच्या सोमवारी उघडला. खुशबू अजून त्याच कंपनीत आहे, आणि आता कोणतीही टेस्ट नसताना दर रविवारी येते. तिन्ही गाद्या परत आल्या नाहीत; टेस्ट संपली असं चंपाशेठनी अधिकृतपणे कधी जाहीरच केलेलं नाही.

त्या दुपारची नोंद अ‍ॅपमध्ये आहे. खुशबूने ती मला दाखवली. कापसावरची हालचाल कळावी म्हणून तिने केलेली सुधारणा एका गादीपुरती होती, आणि तिच्या अंगाखाली त्या दिवशी एकावर एक नऊ गाद्या होत्या. दुपारी एक वाजून दहा मिनिटं ते पाच: गादीवर कोणी नाही.